नसरापूरचा शिक्का

१

वेल्ह्याच्या खोऱ्यात, वरच्या वाडीत, रखमाजीच्या माजघरातला बियाण्याचा डेरा शुक्रवारी सकाळी उघडला तेव्हा त्याच्या तोंडावरचं शेणामातीचं लिंपण अखंड होतं, डेऱ्याला कुठं चीर नव्हती, आणि आत भात नव्हतं.

चार पायल्या केवडसाळ. रखमाजीच्या आज्यापासून चालत आलेलं वासाचं भात. दुसऱ्या कुणाच्या शेतात त्याची एक काडी नव्हती, कारण रखमाजीनं त्यातला दाणा कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नव्हता. आता तळाला पसाभर दाणे तेवढे उरले होते. पेरायला दुसरं बी नाही, म्हणजे यंदापासून केवडसाळीचं नुसतं नाव घ्यायचं.

शनिवारी सकाळी ही बातमी भोरच्या बाजारपेठेत, लतीफच्या सायबर कॅफेत येऊन थडकली. पुढं रखमाजीचा पुतण्या इंद्रजित, मागं स्वतः रखमाजी, आणि दोघांच्या मधे, आरोपीनं चालावं तशी, स्नेहल.

स्नेहल एका संस्थेत कराराच्या नोकरीवर होती. वाड्यावस्त्यांवर हिंडायचं, कुणाकडे कोणतं जुनं बी आहे ते लिहून आणायचं. गेल्या पावसाळ्यात तिची वही गुंजवणी नदीत पडली आणि सहा महिन्यांच्या नोंदी पार धरणापर्यंत गेल्या. तेव्हापासून तिनं वहीचा नाद सोडला. बटणांचा साधा मोबाईल, त्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी टिपण लिहायचं, शेवटी ‘आठवण’ असा शब्द घालून पुढं काय करायचं ते लिहायचं, आणि स्वतःच्याच ईमेलला धाडून द्यायचं. शनिवारी लतीफकडे बसून आठवड्याची डाक वाचायची. गेला शनिवार मात्र तिचा लग्नघरात गेला होता, म्हणून दोन आठवड्यांचं साचलं होतं.

“माझं टिपण बघा ना,” ती रडवेली होऊन म्हणत होती. “गेल्या मंगळवारच्या आदल्या मंगळवारी, सकाळी अकराला चंद्राकाकूंनीच माझ्यासमोर डेरा उघडला. मी तिथंच लिहून धाडलंय.”

लतीफनं मेल उघडली आणि छापली. इंद्रजितनं कागद ओढून घेतला, वाचला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पडलं.

“केवडसाळ. डेरा उघडला. तळाला ओल. आठवण, आखितीच्या आत परत येऊन बघणे,” त्यानं मोठ्यानं वाचलं. “आणि वर वेळ काय हाय, म्हाईतीये? चार वाजून धा मिनिटं! आमची चुलती एकच्या एसटीनं लेकीकडं कामथडीला गेली. चुलता हितं भोरला बाजारात. चार वाजता घरात चिटपाखरू नव्हतं. मग हिच्यासमोर डेरा उघडला कुणी? भुतानं?”

२

कोपऱ्यातल्या खुर्चीवर अजीजुन्निसा बसल्या होत्या. लतीफची फुफी, म्हणजे बापाची थोरली बहीण. बाकीचं भोर त्यांना आपा म्हणायचं. पस्तीस वर्षं पोस्टात काढलेली बाई. पाकीट चिकटवताना माणसाची जीभ कशी फिरते यावरून आत हुंडी आहे की भांडण, हे त्यांना कळायचं म्हणतात. त्या स्वतः असं काही म्हणत नसत. पण नाकारतही नसत.

त्यांनी एव्हाना तिघांची पारख केली होती. रखमाजी रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. इंद्रजित घाबरलेला नव्हता, खूश होता. आणि पोरीला आपल्याच टिपणाचं आश्चर्य वाटलेलं होतं. चोराला आपल्या चोरीचं आश्चर्य वाटत नाही.

“तिच्या पिशवीत काय सापडलं तेही सांग की,” रखमाजी कापऱ्या आवाजात म्हणाला.

इंद्रजितनं कागदाची पुडी टेबलावर सोडली. पसाभर भात. सगळ्या कॅफेला केवड्याचा वास सुटला.

“काकूंनी माझी ओटी भरली हो,” स्नेहल म्हणाली. “निघताना. म्हणाल्या, नवी नवरी हायेस, रिकामी जाऊ नगंस.”

“ओटी तांदळानं भरतात, बाई! सालासकट भातानं कोण भरतं? कोंबड्यांची ओटी हाय व्हय?”

लतीफसुद्धा हसला. आपांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. हसू विझलं.

“चंद्राबाईंना विचारलंत?” आपांनी विचारलं.

“कशी विचारणार? लेक बाळंत झाली गेल्या शनिवारी. घरात सोयर चालू हाय. बाळंतिणीच्या उंबऱ्यावर चोरीची बातमी न्यायची न्हाई, बाई,” रखमाजी म्हणाला. “आमच्यात न्हेत न्हाईत.”

“आणि विचारायचं काय?” इंद्रजितनं कागद घडी घालून खिशात ठेवला. “वेळ छापलीये. सोमवारी अकराला संस्थेच्या साहेबांना अर्ज देतो, तिथनं पोलीस चौकी. टेम्पोवाल्या झुल्फिकारचंही नाव घालतो. माल त्याच्याच गाडीतनं गेला आसंल.”

दोघं गेले. स्नेहल बाकावर बसली.

“सोमवारी अर्ज गेला की माझा करार संपला, आपा. पुन्हा कुठल्या गावात कुणी मला डेऱ्याजवळ उभं करील? आणि गंमत म्हणजे मला कळतच नाहीये. त्या वाडीत मी पहिल्यांदाच गेले. अकराला लिहिलं, बटण दाबलं, फोन पिशवीत टाकला.”

“मशीन खोटं बोलत नाही, फुफी,” लतीफ म्हणाला. दुकान मशीनचं, त्यामुळं त्याची मशीनवर मशिदीइतकी श्रद्धा.

“शिक्का तरी कुठं खोटं बोलायचा?” आपा उठल्या. “पण त्याला ठाऊक असतं तेवढंच तो सांगतो. लतीफ, तिला विचार आणि त्या दिवसाची तिची सगळी डाक छापून दे. एक पान नको. सगळी.”

३

रविवारी सकाळी आपा झुल्फिकारच्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसल्या. झुल्फिकार गाडीपेक्षा तोंड जास्त चालवायचा.

“चोर म्हणे मी! आपा, त्या दिवशी गाडीत काय होतं सांगू? दोन शेळ्या, एक शिलाई मशीन आणि ती पोरगी. खांद्याला एवढीशी पिशवी. सगळ्या वाटेनं फोन असा वर धरून बसलेली, रेंजसाठी. नवऱ्याला फोन करायचा होता. मी म्हटलं, ताई, हात दुखतील, हितल्या डोंगरात टॉवरपण येत न्हाई आन् पाव्हणेपण येत न्हाईत.”

“मग मिळाली रेंज?”

“नसरापूरच्या अलीकडं. फोन टुंग टुंग टुंग वाजला. तिला वाटलं नवऱ्याचे मेसेज. बघितलं तर काहीच न्हाई. लई हिरमुसली बिचारी.”

“किती वेळा वाजला?”

“तीनदा. का?”

आपांनी पर्समधून लतीफनं छापलेली पानं काढली, चष्मा लावला, आणि गाडी हादरत असतानाही एकटक बघत राहिल्या. मग त्या खुदकन हसल्या. झुल्फिकारनं ब्रेक दाबला. निवृत्त पोस्टमास्तरणीला हसताना त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

“चल रे. अजून अर्धंच उलगडलंय. पोरगी खोटं बोलली नाही, हे कळलं. पण भात कुठं गेलं?”

वरच्या वाडीत रखमाजीनं डेरा दाखवला. इंद्रजित दाराला टेकून उभा होता.

“अक्षय्य तृतीयेची आखिती अजून दोन दिवसांवर आहे. आधीच का उघडलात?”

“प्रदर्शन हाय भोरला. बियाण्यांचं,” इंद्रजित म्हणाला. “काकांचं बी, पर नाव मी नोंदवलं होतं. पहिला नंबर नक्की होता.”

“दरसाल कोण उघडतं?”

“ती उघडते, आमची मंडळी,” रखमाजी म्हणाला. “आखितीला न्हाऊन, दिवा लावून. बाप्यानं हात लावायचा न्हाई डेऱ्याला. आवंदा ह्यो घाई करून बसला. आन् म्याबी व्हय म्हनालो.”

शुक्रवारी काढलेल्या लिंपणाच्या खपल्या कोपऱ्यात सुपात होत्या. आपांनी एक उचलली. बाहेरून गुळगुळीत, कडेनं चार बोटांची एकसारखी वळणं, रांगोळीच्या रेघेसारखी. त्यांनी डेऱ्यात हात घातला आणि तळाचे दाणे बाहेर काढले. दाण्यांबरोबर हळदीकुंकवाची चिमूट आली, एक सुपारी आली. दाणे काळपट, बुरशीचे. वास केवड्याचा नव्हता, कुबट होता. त्यांनी ते रुमालात बांधून घेतले.

शेजारची ठकुबाई दारात येऊन उभी होती. चौकशी करायला तिला निमित्त लागत नसे.

“चंद्राबाई त्या दिवशी एसटीला गेल्या, तेव्हा तुम्ही होता का?”

“मीच की गाठोडी उचलून दिली! यक डोक्यावर, यक काखंत, दोन हातांत. म्हनलं, चंद्रे, लेकीच्या बाळंतपणाला चाललीस का बाजार मांडाया? तर म्हनती, डिंक हाय, खारीक हाय. आता खारीक यवढी जड आसती व्हय?”

आपांनी खपली सुपात ठेवली. “रखमाजीदादा, उद्या सकाळी नऊला दोघंही इथंच थांबा. अर्ज अकराला आहे ना? मग नवाला मी चोर घेऊन येते.”

“कुठनं आणणार?” इंद्रजितनं विचारलं.

“जिथं तुम्हाला जाता येत नाही तिथून.”

४

कामथडीत चंद्राबाईच्या लेकीच्या दारात आपा टोपडं, झबलं आणि साजूक तुपाचा डबा घेऊन उभ्या राहिल्या. व्याही म्हणाले, सोयर आहे.

“मला कुठलं आलंय सोयर?” आपा म्हणाल्या. “मी तुमच्या भावकीतली होय? सरा बाजूला, बाळ बघू द्या.”

बाळ बघितलं. बाळानं त्यांच्याकडे बघितलं नाही. मग त्या चुलीपाशी शेगडी फुंकणाऱ्या चंद्राबाईजवळ पाटावर बसल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, “चंद्राबाई, डेरा उघडला. आखितीच्या आधीच.”

चंद्राबाईच्या हातातली फुंकणी खाली पडली.

“कुणी?”

“बाप्यांनी.”

“आवं, पर मी नसताना कसा उघडत्याल? आखितीला मी जाणार व्हते. माज्या तोंडानं सांगणार व्हते. तेवढ्यात लेक आडली, मग बाळ, मग सोयर...” ती थांबली. “कुणावर आळ घेतला?”

“स्नेहलवर.”

चंद्राबाई उठली. पदर खोचला. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडातून निघाली ती शिवी होती, आणि ती नवऱ्याला होती.

“उद्या धाव्वा दिस, सोयर फिटतंय. सकाळी न्हाऊन सुटले की आले म्हणा,” ती म्हणाली.

५

सोमवारी नऊ वाजता वरच्या वाडीत रखमाजीच्या ओटीवर सगळे होते. स्नेहल खांबाला टेकून. इंद्रजितच्या खिशात अर्ज. झुल्फिकार मुद्दाम टेम्पो वळणाच्या मागं ठेवून एकटाच आलेला. ठकुबाई अर्थातच.

आपांनी तीन पानं मांडीवर पसरली.

“इंद्रजित, तू एकच पान नेलंस. पोरीनं त्या दिवशी तीन टिपणं धाडली. पहिलं या घरातलं, चार दहाचं. दुसरं मधल्या वाडीतलं, सगुणाबाईच्या नाचणीचं. वेळ वाच.”

“चार... धा.”

“तिसरं पुलापलीकडच्या धोंडाबाईच्या वरईचं.”

“चार अकरा.” त्याचा आवाज बारीक झाला.

“इथून मधली वाडी किती लांब?”

“डोंगर उतरून तासभर,” ठकुबाईनं सांगून टाकलं.

“आणि तिथून पूल अर्धा तास. म्हणजे ही पोरगी एका मिनिटात तीन वाड्या फिरली, नाचणी बघितली, वरई बघितली, चहाही प्याली असेल. पोरगी आहे का वावटळ?” आपांनी चष्मा काढला. “अरे, मी पस्तीस वर्षं शिक्के मारले. सकाळी पत्र लिहिलेलं असो की चार दिवसांपूर्वी, पेटीत पडून राहतं. पोस्टमन पेटी उघडतो, पोतं येतं, आणि सगळ्या पत्रांवर एकाच वेळचा शिक्का बसतो. शिक्का पोस्टाच्या घड्याळाचा. लिहिणाऱ्याच्या घड्याळाचा नव्हे. इथं तुमच्या डोंगरात रेंज नाही. तिची तिन्ही टिपणं फोनच्या पेटीत पडून होती. नसरापूरला रेंज आली, पेटी उघडली, तिन्ही एकदम गेली. फोन तीनदा वाजला, झुल्फिकारनं ऐकला. चार दहा हा नसरापूरचा शिक्का आहे. टिपण अकराचंच.”

स्नेहलनं डोळे मिटून श्वास सोडला. “मला वाटलं नवऱ्याचे मेसेज,” ती पुटपुटली.

“मग अकराला घरात कोण होतं?” रखमाजीनं विचारलं, आणि उत्तर कळल्यासारखा खाली बसला.

“दादा, चोर घाईत असतो. तो डेरा फोडतो, लिंपत बसत नाही. आणि लिंपलंच तर बोटांची अशी नक्षी काढत नाही. ती जन्मभर चूल सारवलेल्या हाताची असते. चोर डेरा झाडून नेतो. पण तळाला पसाभर ठेवला होता, वर हळदकुंकू, सुपारी. बियाण्याचं भांडं निखळ रितं करायचं नसतं, हे कुणाला ठाऊक असतं? चोराला की घरधनिणीला?”

बाहेर टेम्पोचं दार वाजलं. झुल्फिकार मागच्या मागं जाऊन कधी उघडून आला कुणाला कळलं नव्हतं. डोक्यावर गाठोडं घेऊन चंद्राबाई पायऱ्या चढली.

६

“म्याच नेलं,” ती गाठोडं खाली न ठेवताच म्हणाली. “काय म्हणायचं ते मला म्हणा. पोरीचं नाव घ्यायचं न्हाई.”

“चंद्रे, माझ्या आज्याचं बी!” रखमाजी ओरडला. “दाणा बाहेर जाऊ द्यायचा न्हाई, म्या बापाला शबूद दिल्ता!”

“तुमच्या बापाला डेऱ्यातली ओल दिसली नव्हती. मला दिसली. ह्या पोरीनं हात घातला, वलं लागलं. म्हनली, काकू, सगळं बी एकाच डेऱ्यात, डेरा गेला तर जात गेली. मी इचार केला. तुमाला सांगितलं आसतं तर तुमी म्हनला आसता, आखितीला बघू. तवर काय उरलं आसतं?”

आपांनी रुमालाची गाठ सोडून तळाचे दाणे रखमाजीच्या तळहातावर ओतले. काळे, कुबट. त्यानं ते नाकाशी नेले. बराच वेळ तो हात खाली आलाच नाही.

“चार पायल्यांचं ह्येच झालं आसतं,” चंद्राबाई हळू म्हणाली.

“बाकीचं कुठंय?”

“पाच सवाष्णींच्या वट्या भरल्या. कामथडीला लेकीची. आंबवड्याची माझी भन अंबूबाई लेकीला बघाया आली व्हती, तिची. नसरापूरला नणंदेची. एसटीतल्या कंडक्टरीनबाईची, तिचं म्हायेर भाताच्या मुलखातलं निघालं. आन् पयली ह्या पोरीची. समद्यांना सांगितलं, कांडू नका, पेरा.”

“जा आन् परत आण समदं!”

चंद्राबाईनं कमरेवर हात ठेवले. “वटीत घातलेलं परत मागतात व्हय? मागून बघा. तुमच्या आज्यानं तरी मागितलं आसतं का?”

या प्रश्नाला खोऱ्यात एकच उत्तर होतं आणि ते रखमाजीलाही लहानपणापासून पाठ होतं.

“लेक आपल्याच घरी ठिवली तर वंश वाढतो का?” चंद्राबाईचा आवाज उतरला. “बियाचंबी तसंच आसतं. परक्याच्या दारात गेल्याबिगर वाढत न्हाई. आन् तुमचं मी इसरले न्हाई.”

तिनं गाठोडं सोडलं. आत पायलीभर केवडसाळ, सावलीत वाळवलेली, कडुनिंबाच्या पाल्यात. ओटीभर वास पसरला. इंद्रजितनं नकळत पुढं होऊन हुंगलं, मग आठवून मागं सरला. खिशातला अर्ज काढून त्यानं त्याच्या चार घड्या केल्या, आठ केल्या, आणखी होईनात.

“आता तो शेगडीला दे,” ठकुबाई म्हणाली. “च्या तरी होईल.”

“ताई,” तो स्नेहलला म्हणाला, “चुकलं माझं.” मग आपांकडे वळला. “पर आपा, प्रदर्शनात ठेवायला मूठभर तरी...”

“काकूला विचार. नाव तिचं लावायचं असलं तर देईल.”

रखमाजी उठला. त्या पायलीत त्यानं पसा बुडवला, दाणे वर उचलले, खाली सोडले. मग दोन्ही हात भरून स्नेहलसमोर उभा राहिला. बाप्यानं ओटी भरायची रीत नव्हती, म्हणून त्यानं ते दाणे चंद्राबाईच्या ओंजळीत ओतले आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “पोरीची पुडी तिकडं भोरात राहिली. पुन्यांदा भर.”

चंद्राबाईनं भरली. आपांनी चष्मा पुसला. धूळ बरीच होती, असं त्यांनी नंतर लतीफला सांगितलं.

निघताना रखमाजीनं स्नेहलला हाक मारली. “त्या फोनात इसरू नये म्हणून लिव्हतीस न्हवं? माझंबी यक लिव्ह.”

“सांगा मामा.”

“लिव्ह. बियाचा डेरा... न्हाई, आसं लिव्ह. डेरा चंद्राबाईला इचारल्याबिगर उघडायचा न्हाई. आन् पुढच्या आखितीला पाची जणींच्या घरी जाऊन पीक कसं आलं ते इचारायचं.”

स्नेहलनं लिहिलं. शेवटी ‘आठवण’ असा शब्द घातला, बटण दाबलं.

रखमाजीनं वाकून पडद्यात बघितलं. “ग्येलं?”

“नाही मामा. इथं रेंज कुठाय? नसरापूरला जाईल.”

रखमाजीनं आपांकडे बघितलं. आपांनी मान डोलावली.

“मग जाऊ दे सावकाश,” तो म्हणाला. “लिव्हलंय आज, येवढं ध्यानात ठिवा म्हंजी झालं.”